इंजिनांच्या लढतीत मशीनचा वाटा किती, हे मोजायचं कसं

दोन बुद्धिबळ इंजिनांची, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रॅमची, लढत झाली. एकाने ६२ टक्के गुण घेतले. पण ते नव्या डेस्कटॉपवर चालत होतं आणि हरलेलं जुन्या लॅपटॉपवर. अशा निकालावरून सरस इंजिन कोणतं हे सांगताच येत नाही. हरलेला मशीनकडे बोट दाखवतो, जिंकलेला म्हणतो मशीनने काय होतंय, आणि वाद तिथेच घुटमळतो. खरं तर मशीनचा वाटा मोजता येतो. त्यासाठी लढत नीट मांडावी लागते, एवढंच.

आधी स्पर्धा कशाची आहे ते ठरवा

संगणक बुद्धिबळाची पहिली जागतिक स्पर्धा १९७४ मध्ये स्टॉकहोमला झाली. तेव्हापासून जो तो आपापल्या मशीनसह उतरायचा. १९८० मध्ये लिंझला जिंकलेल्या ‘बेल’साठी केन थॉम्प्सन आणि जो कॉन्डन यांनी बुद्धिबळापुरतंच वेगळं हार्डवेअर बांधलं होतं. १९८३ आणि १९८६ ची विजेतेपदं ‘क्रे ब्लिट्झ’ने महासंगणकावर मिळवली. १९९७ मध्ये कास्पारोव्हला ३.५–२.५ ने हरवणाऱ्या ‘डीप ब्लू’त ३० संगणक आणि ४८० खास चिप होत्या, सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासणाऱ्या. या स्पर्धांत मशीन हा प्रवेशिकेचाच भाग होता. शंकरपटात बैलजोडी आणि हाकणारा यांचे गुण वेगवेगळे काढत नाहीत, तसंच हे. इथे भारी मशीन आणणं अन्याय नाही.

गोंधळ होतो तो अशा स्पर्धेचा निकाल ‘कोणाचा प्रोग्रॅम चांगला’ या प्रश्नाचं उत्तर म्हणून वाचला जातो तेव्हा. २००८ मध्ये बीजिंगला ‘रिब्का’ हे इंजिन ४० कोरच्या (कोर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग) क्लस्टरवर, म्हणजे जोडलेल्या संगणकांच्या समूहावर, खेळून जिंकलं. पुढच्या वर्षी पांप्लोनाला आयोजकांनी ८ कोरची मर्यादा घातली. २०१० मध्ये ती काढून दोन किताब वेगळे केले: एक खुला, दुसरा सर्वांना समान मशीनवर. आमच्या मते हाच योग्य तोडगा होता. कोरची मर्यादा घालून अर्धवट समानता येते, कारण ८ कोर आणि ८ कोर यांतही दुपटीचा फरक असू शकतो.

तेव्हा नियमावलीच्या पहिल्याच ओळीत लिहा: स्पर्धा खुली आहे की समान मशीनवरची. खुली असेल तर प्रत्येकाकडून प्रोसेसरचं मॉडेल, वापरलेले कोर, रॅम, ग्राफिक्स कार्ड, इंजिनाची आवृत्ती आणि बिल्ड (म्हणजे नेमकी कोणती तयार फाइल), ओपनिंग बुक (सुरुवातीच्या तयार चालींचा साठा) आणि एंडगेम टेबलबेस (थोड्या मोहऱ्या उरल्यावरच्या स्थितींची तयार उत्तरं) एवढं लेखी घ्या आणि निकालाशेजारी छापा. पुढचं सगळं समान मशीनवरच्या लढतीसाठी आहे.

एकाच संगणकावर लढत: सगळ्यात स्वस्त समानता

दोन्ही इंजिनं एकाच संगणकावर चालवली आणि ‘पाँडर’, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या वेळेत विचार करण्याची सोय, बंद ठेवली, तर एका वेळी एकच इंजिन विचार करतं आणि दोघांना तोच प्रोसेसर मिळतो. लढती चालवायला ‘कटचेस-सीएलआय’ किंवा ‘फास्टचेस’ हे मोफत प्रोग्रॅम पुरेसे आहेत. पाँडर चालू ठेवायचंच असेल तर प्रत्येक इंजिनाला वेगळे कोर द्यावे लागतात. एका वेळी चालणारे डाव त्यामुळे निम्मे होतात.

८ कोरच्या मशीनवर प्रत्येक इंजिनाला १ थ्रेड (एका कोरवर चालणारा कामाचा एक धागा) देऊन ६ डाव एकदम लावा. उरलेले २ कोर ऑपरेटिंग सिस्टिम आणि लढत चालवणाऱ्या प्रोग्रॅमला राहू द्या. आठही कोर भरले की कुठलं तरी इंजिन मध्येच काही मिलिसेकंद ताटकळतं आणि जलद डावात वेळेवर हरतं. टास्क मॅनेजरमध्ये १६ दिसतात म्हणून १६ डाव लावू नका. ते १६ म्हणजे हायपरथ्रेडिंगचे आभासी कोर असतात आणि एका खऱ्या कोरवर दोन डाव बसले की दोघांचाही वेग पडतो, तोही सारखा नाही. भाड्याच्या क्लाउड सर्व्हरवर ‘व्ही-सीपीयू’ म्हणून जे मिळतं तेही बहुधा असा अर्धा कोरच असतो, शिवाय शेजारच्या भाडेकऱ्याच्या कामाप्रमाणे वेग खालीवर होतो. मोजमापासाठी क्लाउड टाळा.

इंटेलच्या बाराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच प्रोसेसरांत वेगवान आणि काटकसरी असे दोन जातींचे कोर एकत्र असतात. इथे फसगत हमखास होते: एका डावात इंजिन वेगवान कोरवर, दुसऱ्यात काटकसरी कोरवर. बायोसमधून काटकसरी कोर बंद करा किंवा लिनक्सवर ‘टास्कसेट’ने लढत फक्त वेगवान कोरांवर बांधून टाका.

टर्बो, म्हणजे प्रोसेसरने तात्पुरता वेग वाढवण्याची सोय, बंद करा. एखादा कोर एकटा चालताना जो वेग गाठतो तो सगळे कोर तापल्यावर टिकत नाही, त्यामुळे रात्रीच्या पहिल्या तासाचे डाव आणि पहाटेचे डाव वेगळ्या मशीनवर खेळल्यासारखे होतात. लिनक्सवर प्रोसेसरचा वेग ठरवणारा ‘गव्हर्नर’ ‘परफॉर्मन्स’वर ठेवा, विंडोजवर पॉवर प्लॅनमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के केली की टर्बो सहसा थांबतो. लॅपटॉप असेल तर चार्जर लावलेलाच हवा. आणि मे महिन्यात नागपूर-अकोल्याच्या बंद खोलीत लॅपटॉपवर रात्रभर लढत लावू नका. मशीन स्वतःला वाचवायला वेग उतरवतं आणि तुम्हाला ते निकालात कळतही नाही.

हॅश, बिल्ड आणि टेबलबेस

हॅश टेबल म्हणजे इंजिनाने तपासलेल्या स्थितींची वही. ती लहान पडली की इंजिन तेच काम पुन्हा करतं. अंदाज हवा असेल तर ‘स्टॉकफिश’ या मोफत इंजिनाच्या चाचणी यंत्रणेचे आकडे धरा: १० सेकंद अधिक दर चालीला ०.१ सेकंद अशा डावाला १६ एमबी, ६० सेकंद अधिक ०.६ ला ६४ एमबी, तेही एका थ्रेडला. डाव लांबवला किंवा थ्रेड वाढवले की त्याच पटीत हॅश वाढवा. वही किती भरली हे इंजिन ‘हॅशफुल’ या आकड्याने सांगतं, तो हजारापैकी किती असा असतो. मधल्या डावात चाल पूर्ण होण्याच्या बऱ्याच आधी तो १००० ला टेकत असेल तर वही लहान आहे.

रॅमचा हिशोब आधी करा. ६ डाव, प्रत्येकात २ इंजिनं, प्रत्येकाला २५६ एमबी: ६ × २ × २५६ = ३,०७२ एमबी, म्हणजे ३ जीबी नुसता हॅश. प्रत्येक इंजिनाचं न्यूरल नेटवर्क आणि टेबलबेसची जागा वेगळी. रॅम संपून डिस्कवर लिहिणं सुरू झालं की ती लढत फेकून द्यायची.

हॅशवरून झालेला प्रसिद्ध वाद गूगलच्या डीपमाइंड कंपनीच्या ‘अल्फाझीरो’ या इंजिनाचा. डिसेंबर २०१७ मध्ये डीपमाइंडने स्टॉकफिश ८ विरुद्धच्या १०० डावांत २८ विजय, ७२ बरोबऱ्या आणि शून्य पराभव जाहीर केले. स्टॉकफिशला ६४ थ्रेड होते पण हॅश फक्त १ जीबी, आणि वेळ प्रत्येक चालीला ठरीव १ मिनिट, म्हणजे कठीण चालीला जास्त वेळ देण्याची त्याची हातोटीच काढून घेतलेली. टीका रास्त होती. २०१८ च्या शोधनिबंधात ४४ कोर, ३२ जीबी हॅश, ३ तास अधिक १५ सेकंद असे १,००० डाव झाले. अल्फाझीरो १५५ जिंकलं, ६ हरलं. मांडणी सुधारली तरी निकालाची दिशा तीच राहिली. पण हे कळलं ते मांडणी सुधारली म्हणूनच.

बिल्डकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. एकाच स्टॉकफिशच्या वेगवेगळ्या प्रोसेसर-सूचनांसाठी वेगवेगळ्या फायली मिळतात. एक इंजिन ‘एव्हीएक्स२’ बिल्डमध्ये आणि दुसरं जुन्या ‘एसएसई’ बिल्डमध्ये चालवलं, तर एकाच संगणकावर असूनही दोघांना दोन वेगळी मशीनं दिल्यासारखं होतं. न्यूरल नेटवर्क वापरणाऱ्या आजच्या इंजिनांत हा फरक मोठा असतो. एएमडीच्या पहिल्या दोन झेन पिढ्यांवर ‘बीएमआय२’ बिल्ड घेऊ नका. तिथे त्यातली एक सूचना फार हळू चालते. त्यांना एव्हीएक्स२ च बरं.

सिझिगी टेबलबेस ५ मोहऱ्यांपर्यंत साधारण १ जीबी, ६ पर्यंत सुमारे १५० जीबी. दोघांनाही द्या किंवा कोणालाच नको. ६ मोहऱ्यांचे असतील तर एसएसडीवरच ठेवा. फिरत्या हार्ड डिस्कवर शेवटच्या टप्प्यात इंजिन डिस्कची वाट बघत बसतं आणि मदत म्हणून दिलेली गोष्ट गळ्यात येते.

सुरुवातीच्या स्थिती आणि डावांची संख्या

मूळ मांडणीपासून खेळवलं तर आजची तगडी इंजिनं बरोबरीमागून बरोबरी करतात आणि तेच ते डाव पुन्हा येतात. म्हणून एका बाजूला थोडं झुकतं माप असलेल्या सुरुवातींचा संच वापरा आणि प्रत्येक सुरुवात दोनदा खेळवा: एकदा हे इंजिन पांढऱ्याकडून, एकदा ते. टीसीईसी या इंजिनांच्या स्पर्धेच्या अंतिम लढतीत १०० डाव असतात ते अशाच ५० सुरुवातींचे. इंजिनांची स्वतःची बुकं आणि शिकण्याच्या फायली बंद ठेवा.

आता किती डाव? ६० टक्के बरोबऱ्या होत असतील तर १०० डावांनंतरची अनिश्चितता सुमारे ±४३ एलो (एलो म्हणजे खेळण्याच्या ताकदीचं गुणांकन), १,००० डावांनंतर ±१४, १०,००० नंतर ±४. म्हणजे १०० डावांत २० एलोने पुढे असलेलं इंजिन खरंच पुढे आहे असं म्हणायला आधार नाही.

याच आकड्यांत हार्डवेअरच्या वादाचं मूळ आहे. वेग दुप्पट केला की ५० ते ७० एलो मिळतात, असा जुना ठोकताळा होता. डाव लांब असेल तर बरोबऱ्या वाढून आज तो आकसतो. ७० धरले तरी त्याचा अर्थ ५० ऐवजी ६० टक्के गुण. ९ फेऱ्यांच्या स्पर्धेत तो फरक ०.९ गुणाचा. नशिबाच्या चढउतारात तो दिसत नाही, पण किताब कोणाकडे जाणार ते ठरवायला मात्र पुरतो. १९९५ मध्ये हाँगकाँगला साध्या ९० मेगाहर्ट्झ पेंटियमवरच्या ‘फ्रिट्झ’ने आयबीएमच्या ‘डीप ब्लू प्रोटोटाइप’ला हरवून स्पर्धा जिंकली. तो डाव ‘हार्डवेअरने काही होत नाही’चा पुरावा म्हणून अजून सांगितला जातो. पण एका डावातून असा निष्कर्ष काढता येत नाही.

खरी लढत लावण्याआधी दोन चाचण्या

पहिली: एकाच इंजिनाला दोन नावं देऊन स्वतःशीच १,००० डाव खेळवा. निकाल ५० टक्क्यांच्या आसपास, वरच्या अनिश्चिततेच्या आत यायला हवा. नाही आला तर मांडणीतच कुठेतरी पाणी मुरतंय. बहुतेक वेळा कारण एवढंच असतं की एकाला थ्रेड किंवा हॅशचा पर्याय पोचलेलाच नाही आणि ते मूळ किमतीवर चालतंय. लॉगमध्ये पाहा.

दुसरी: तेच इंजिन, एकाला ६० सेकंद अधिक ०.६, दुसऱ्याला ३० अधिक ०.३. यातून तुमच्या मशीनवर, तुमच्या सुरुवातींवर, तुमच्या वेळेला दुप्पट वेगाची किंमत किती ते थेट मिळतं. टक्केवारीवरून एलो काढायला: मिळालेले टक्के भागिले न मिळालेले टक्के, त्याचा दहाच्या पायावरचा लॉगॅरिथम, गुणिले ४००. ६० टक्क्यांना ४० ने भागलं की १.५, लॉग ०.१७६, म्हणजे ७०. दुसऱ्या कोणाच्या तक्त्यातला आकडा उसना घेऊ नका, तो त्यांच्या मांडणीचा असतो.

दोन संगणक असतील तर

आधी दोन्हींवर वेग मोजा. स्टॉकफिशमध्ये ‘बेंच’ ही आज्ञा दिली की ते ठरलेल्या स्थिती तपासून एकूण नोड (म्हणजे तपासलेल्या स्थिती) आणि सेकंदाला किती नोड हे सांगतं. काही न सांगता ही चाचणी १६ एमबी हॅश, १ थ्रेड आणि खोली १३ (किती चाली पुढपर्यंत पाहायचं ते माप) यावर चालते. एकूण नोडचा आकडा दोन्ही मशीनवर तंतोतंत सारखा यायला हवा. वेगळा आला तर आवृत्ती वेगळी आहे. ही खूण फार कामाची आहे, इंजिनात केलेली चोरटी फेरफारही तीत सापडते. वेग मात्र रिकाम्या मशीनवर मोजू नका. लढतीत ६ डाव एकदम असणार असतील तर बेंचच्या ६ प्रती एकाच वेळी सोडा, खोली २० च्या आसपास वाढवा म्हणजे चाचणी काही सेकंदांत आटोपणार नाही, ५ वेळा करा आणि मधला आकडा धरा.

समजा एका मशीनवर सेकंदाला १६ लाख नोड आले आणि दुसऱ्यावर १० लाख. मग वेगवानाला ६० सेकंद अधिक ०.६ दिलं तर हळूला १.६ पट, म्हणजे ९६ सेकंद अधिक ०.९६. हे गुणोत्तर प्रत्येक इंजिनाचं वेगळं येतं, कारण कोणी मेमरीवर अडतं तर कोणी सूचनांवर. हळू मशीनवर जे बसणार आहे त्याच इंजिनाचं गुणोत्तर घ्या. थ्रेड अनेक असतील तर नोडचा वेग फसवा असतो: ८ थ्रेडने नोड जवळजवळ आठपट होतात, पण बरेचसे थ्रेड एकमेकांचंच काम पुन्हा करत असल्याने ताकद आठपट वेळ दिल्याइतकी वाढत नाही.

वेळ बदलणं नको असेल तर आणखी चांगला मार्ग आहे: मशीनांची अदलाबदल. अर्धे डाव अ इंजिन नव्या मशीनवर आणि ब जुन्यावर, उरलेले अर्धे उलट. पहिल्या भागात अ ला ६२ टक्के, म्हणजे +८५ एलो. दुसऱ्या भागात ४८ टक्के, म्हणजे –१४. बेरीज करून निम्मं केलं की +३५.५, हा इंजिनांमधला फरक. वजाबाकी करून निम्मं केलं की ४९.५, ही मशीनची किंमत. सुरुवातीला सांगितलेल्या त्या ६२ टक्क्यांतला मोठा वाटा मशीनचा होता, हे असं उघड होतं. अट एकच, वेगाचा फायदा दोन्ही इंजिनांना साधारण सारखा व्हायला हवा. डाव मात्र प्रत्येक भागात किमान १,००० हवेत.

वेळेऐवजी ठरावीक नोड देऊन खेळवलं तर मशीनचा प्रश्नच मिटतो, असं वाटतं. एकाच इंजिनाच्या दोन आवृत्त्यांसाठी ते काही अंशी खरं आहे, आणि एका थ्रेडवर निकाल जसाच्या तसा पुन्हाही मिळवता येतो. पण दोन वेगळ्या इंजिनांचा ‘एक नोड’ म्हणजे तेवढंच काम नव्हे. जो प्रत्येक स्थितीवर जास्त कष्ट घेतो त्याला फुकटचा फायदा होतो. ठरावीक खोली तर त्याहून वाईट. खोली १८ चा अर्थ प्रत्येक इंजिन आपापल्या परीने लावतं.

प्रोसेसर विरुद्ध ग्राफिक्स कार्ड

‘लीला’ हे न्यूरल नेटवर्कवरचं इंजिन ग्राफिक्स कार्डावर चालतं, स्टॉकफिश प्रोसेसरवर. इथे समान मशीन अशी चीजच नाही, अदलाबदलही करता येत नाही. २०१७ च्या लढतीत अल्फाझीरोचा वेग सेकंदाला ८० हजार आणि स्टॉकफिशचा ७ कोटी होता, म्हणजे १ ला ८७५. त्यावरून ‘लीला रेशो’ निघाला: लीलाचा वेग गुणिले ८७५, भागिले स्टॉकफिशचा वेग. ४० हजार आणि २ कोटी असतील तर १.७५. एक म्हणजे त्या लढतीइतकं प्रमाण. माप हाताशी आहे पण लवचिक रबराचं आहे. लीलाचं नेटवर्क मोठं घेतलं की वेग पडतो आणि ताकद वाढू शकते, आणि २०२० मध्ये स्टॉकफिश १२ ने न्यूरल मूल्यमापन घेतल्यापासून त्याचाही एक नोड महाग झाला.

त्यापेक्षा किंमत किंवा वीज धरा. वीज मोजणं सोपं आहे: भिंतीच्या सॉकेटमध्ये लावायचा वॉटमीटर घ्या, प्रत्येक इंजिन पूर्ण भाराने १० मिनिटं चालवा आणि त्यातून मशीन नुसतं चालू असतानाचे वॉट वजा करा. एकाला २०० वॉट आणि दुसऱ्याला १०० लागत असतील तर दुसऱ्याला दुप्पट वेळ. कार्ड आणि प्रोसेसर एकाच पिढीचे हवेत, नाहीतर मोजाल ते कारखान्यांचं तंत्र, इंजिनाचं नव्हे. कोणतंही माप घ्या, ते लढतीआधी जाहीर करा. निकाल पाहून निवडलेलं माप कोणी मानत नाही.

लढत संपल्यावर

डाव नोंदवलेल्या पीजीएन फाइलमध्ये वेळेवर हरलेले आणि इंजिन बंद पडून संपलेले डाव शोधा. एकाच संगणकावरच्या लढतीत असे डाव जवळजवळ नसावेत. असतील तर स्टॉकफिशमध्ये ‘मूव्ह ओव्हरहेड’ (चाल पोचवण्यातल्या उशिरासाठी राखलेला वेळ) मुळात १० मिलिसेकंद असतो तो वाढवा, एकदम चालणारे डाव कमी करा आणि लढत पुन्हा घ्या. ते डाव तेवढे वगळून बाकीचे मोजू नका. घड्याळाच्या ताणात हळू मशीनवालं इंजिनच जास्त अडकतं, आणि वगळलेले डाव नेमके त्याच्याच नावावरचे निघतात.